तुम्ही विचारलंत : चार्जिंगला किती वेळ लागतो, आणि त्यातला आपला किती जातो?

मागच्या अंकात मी माझ्या इलेक्ट्रिक गाडीबद्दल ओझरतं लिहिलं होतं, त्यावर पत्रं आली आणि बहुतेक सगळी आपल्या ठाण्या-नवी मुंबईतलीच. बऱ्याच जणांचं म्हणणं एकच होतं, की पंपावर पाच मिनिटांत जे होतं त्याला इथे तास लागत असतील तर सोय कसली. चार पत्रं घेतलीयेत, बाकीच्यांची उत्तरं यातच येतील.

प्रश्न : ताई नमस्कार. मी कासारवडवलीला राहतो, ऑफिस ऐरोलीला, जाऊन-येऊन रोज चाळीसेक किलोमीटर होतात. सात वर्षं सीएनजी गाडी वापरतोय, आता बदलायचीय. मेहुणा म्हणतो इलेक्ट्रिक घेतलीस तर रात्रभर भिंतीला बांधून ठेवावी लागेल, त्यापेक्षा पेट्रोल घे, पाच मिनिटांत मोकळा. स्टिल्टमध्ये माझ्या नावावर पार्किंग आहे. चार्जिंगची खरंच एवढी कटकट असते का?

उत्तर : दादा, मेहुण्यांचं म्हणणं खोटं नाही. पेट्रोल भरण्याच्या वेगाला वीज गाठूच शकत नाही. एका लिटर पेट्रोलमध्ये साधारण नऊ युनिट विजेएवढी ऊर्जा असते आणि पंपाचं नोझल मिनिटाला तीस लिटर सहज ओततं, म्हणजे मिनिटाला अडीचशेच्या वर युनिट झाले. घरच्या १६ अँपिअरच्या सॉकेटमधून तासाला तीन युनिट मिळतात. आता यातलं बरंचसं पेट्रोल इंजिन गरम होण्यातच जातं, चाकापर्यंत पाव हिस्सा पोचला तरी खूप, आणि इलेक्ट्रिक गाडी एका युनिटवर सहा-सात किलोमीटर जाते, म्हणून फरक दिसतो तेवढा राहत नाही. तरी पेट्रोलचा वेग मोठाच, ते मान्य करून पुढे बोलू.

पण मला सांगा, गाडीला किती वेळ लागतो हे आपण का मोजतोय? तुमचा किती वेळ जातो ते मोजा ना. तुमच्या चाळीस किलोमीटरला सहा-सात युनिट लागतील, म्हणजे घरच्या सॉकेटवर दोन-अडीच तास, आणि ते तास तुम्ही झोपलेले असताना जाणार. मी गाडी लावते, चार्जरची गन हुकवरून काढते, गाडीत बसवते, टक् असा आवाज येतो, हिरवा दिवा लुकलुकायला लागला की लिफ्टकडे चालायला लागते. वीस सेकंद. सकाळी काढताना अजून वीस.

आणि तुम्ही तर सीएनजीवाले, तुम्हाला पाच मिनिटं कुठली मिळतायत. माझीही आधीची गाडी सीएनजीच होती. एकदा आईला घेऊन नाशिकला निघालो, म्हणलं पहाटे पावणेपाचला घोडबंदर रोडच्या पंपावर गर्दी नसेल, तर पुढे बावीस गाड्या, रिक्षांची रांग वेगळीच. नंबर आला तेव्हा नियमाप्रमाणे सगळ्यांना खाली उतरवलं. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन चार महिने झालेले, ती हवा भरायच्या मशीनच्या खांबाला धरून उभी राहिली आणि मी मीटरकडे बघतेय तर प्रेशरच नाही, आठ किलोच्या टाकीत साडेपाच किलोवर काटा थांबला. त्यात त्या पंपवाल्या पोराचा काही दोष नव्हता. एका कॉम्प्रेसरवर एवढ्या गाड्या लागल्या की प्रेशर पडणारच, शिवाय भराभर भरलेला गॅस गरम होऊन फुगतो म्हणून टाकीत कमी मावतो. पण आईचा तो खांबाला धरलेला हात माझ्या डोळ्यासमोरून अजून जात नाही, आणि गाडी बदलायचं मी खरं तर त्या दिवशीच ठरवलं.

शिवाय पंप म्हणजे दरवेळी हमखास असंही नाही ना. २०२४ च्या जानेवारीत ट्रकवाल्यांचं आंदोलन झालं तेव्हा दोन दिवस पेट्रोल पंपांवर केवढ्या रांगा होत्या, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये गॅसच्या मुख्य पाइपलाइनला इजा झाली तेव्हा मुंबई-ठाणे-नवी मुंबईतले कितीतरी सीएनजी पंप बंद पडले, रिक्षावाल्यांचा दिवसाचा धंदा रांगेत गेला. विजेचंही होतं म्हणा, मेंटेनन्सला लाइट जाते, पण गाडीत दोन-तीन दिवसांचं चार्जिंग शिल्लक असतं, त्यामुळे एक रात्र हुकली तरी ऑफिस चुकत नाही.

तुमच्याकडे हक्काचं पार्किंग आहे, रोजचं अंतर ठरलेलं आहे, तुम्ही बिनधास्त घ्या. एक मात्र करा, वायरिंग नीट करून घ्या. मी सुरुवातीला वायरमनला म्हणलं साधा सॉकेट बसव, त्याने स्वयंपाकघरात असतो तसला बसवला आणि मीटर रूमपासून पार्किंगपर्यंत बारीक वायर ओढली. तिसऱ्या रात्री सहज खाली गेले, प्लगला हात लावला तर चटका बसला, काढून बघितलं तर एक पिन तपकिरी पडलेली आणि आजूबाजूचं प्लास्टिक मऊ झालेलं, आतला स्क्रू ढिला राहिला होता. गिझर तासभर चालतो, गाडी सलग आठ-आठ तास फुल करंट ओढते, त्यामुळे जरासं ढिलं कनेक्शनसुद्धा तापतं. चांगला इंडस्ट्रियल सॉकेट, लांब अंतराला जाड तांब्याची वायर, लोड वाढला की आपोआप बंद पडणारा स्वतंत्र एमसीबी, शॉक लागू नये म्हणून आरसीसीबी आणि पक्कं अर्थिंग. एक्स्टेंशन बोर्ड तर चुकूनही नको.

प्रश्न : आम्ही नेरूळला सिडकोच्या जुन्या बिल्डिंगमध्ये राहतो, तिसरा मजला, पार्किंग नाही, गाडी सेक्टरच्या रस्त्यावर मिळेल तिथे लावतो. दोन मुलं, शाळा-क्लास, माझी नोकरी बेलापूरला. पेट्रोलचा खर्च झेपत नाही म्हणून इलेक्ट्रिक घ्यायचं चाललंय. मिस्टर म्हणतात बाहेर चार्ज करू. जमेल का?

उत्तर : ताई, तुमच्या मनाविरुद्ध सांगतेय, पण आत्ता नका घेऊ. वर त्या दादांना जे वीस सेकंद सांगितले ते घरच्या प्लगचे आहेत, तो प्लग गेला की सगळं गणित उलटं होतं. समजा आठवड्याला दोनशे किलोमीटर झाले, म्हणजे तीस युनिट, ३० किलोवॉटच्या फास्ट चार्जरवर एक तास आणि वर थोडं. म्हणजे आठवड्यातून एकदा तासभर, तेही चार्जर चालू असेल, रिकामा असेल आणि त्याच्यासमोर कोणी पेट्रोलची गाडी लावून गेलेलं नसेल तर. मी एकदा रविवारी संध्याकाळी एका मॉलमध्ये गेले, तीन चार्जरपैकी एक बंद, एकाचं ॲप पैसे घेईना, आणि तिसऱ्यासमोर साधी गाडी उभी, तिचा मालक सिनेमाला गेलेला. घरी प्लग होता म्हणून मी परत आले. तुमच्याकडे तो पर्याय नाही, आणि दोन मुलं मागे बसलेली असताना हे करायचं म्हणजे जीव मेटाकुटीला येतो.

बरं, पैशाचंही तसंच. बाहेरच्या चार्जिंगला युनिटचा दर घरच्यापेक्षा बराच जास्त, त्यावर १८ टक्के जीएसटी, मग जी बचत बघून घेताय ती निम्मी तिथेच संपते. बेलापूरच्या ऑफिसात मात्र विचारून बघा, तिथल्या पार्किंगमध्ये साधा १६ अँपिअरचा पॉइंट जरी द्यायला तयार झाले तर माझं उत्तर बदलेल, कारण गाडी तिथे आठ तास उभीच असते आणि आठवड्यातून दोन दिवस लावली तरी तुमचं भागतं. तोपर्यंत मुलांच्या शाळा-क्लासच्या फेऱ्यांसाठी बॅटरी काढून घरात नेता येते अशी स्कूटर बघा, तिसऱ्या मजल्यावर वजन न्यावं लागेल पण पेट्रोलच्या बऱ्याच फेऱ्या वाचतील.

प्रश्न : मानपाड्याच्या आमच्या सोसायटीचा मी सेक्रेटरी आहे. चार मेंबर चार्जिंग पॉइंट मागतायत, बाकीचे म्हणतात लोड वाढेल, आग लागेल, बिल सगळ्यांवर पडेल. काय करावं?

उत्तर : परवानगी द्या, पण कामाची पद्धत कमिटीने ठरवून द्या. घरच्या चार्जरचा लोड सव्वातीन किलोवॉटच्या आसपास असतो, म्हणजे एक गिझर आणि एक एसी एकत्र चालू ठेवल्यासारखं, आणि ते तर प्रत्येक फ्लॅटमध्ये आहेच. चार गाड्यांनी काही बिघडत नाही. उद्या चाळीस झाल्या आणि सगळ्यांनी रात्री नऊलाच लावल्या तर प्रश्न येईल, म्हणून आत्ताच इलेक्ट्रिकल इंजिनिअरकडून सोसायटीचा मंजूर लोड तपासून घ्या आणि केबलचा एक रस्ता ठरवून टाका, नाहीतर प्रत्येकजण आपापली वायर लोंबकळत नेईल आणि आगीची खरी भीती तिथेच आहे.

बिलाचं म्हणाल तर मेंबरची गाडी मेंबरच्या मीटरवर, कॉमन मीटरचा संबंधच नको. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाच्या सप्टेंबर २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे मालकाला आपल्या चालू कनेक्शनवरून चार्जिंग करता येतं किंवा वेगळं कनेक्शन मागता येतं. मी वेगळं घ्या म्हणेन. महावितरणचे घरगुती स्लॅब शंभर, तीनशे, पाचशे युनिट असे चढत जातात, महिन्याला हजार किलोमीटर चालणारी गाडी दीडशे-पावणेदोनशे युनिट खाते आणि अख्खं घर वरच्या स्लॅबमध्ये ढकलते. चार्जिंगचा दर वेगळा आहे, मीटर वेगळा असला की तो लागतो आणि कमिटीतली भांडणंही आपोआप थांबतात. चारही मेंबरांकडून वायरिंग झाल्याचं लायसन्सवाल्या कॉन्ट्रॅक्टरचं सर्टिफिकेट मात्र लेखी घ्या.

प्रश्न : खारघरहून लिहितोय, वय ६६. मुलगा इलेक्ट्रिक गाडी घेतोय, ४० युनिटची बॅटरी. दरवर्षी गणपतीला आम्ही चिपळूणजवळच्या गावी जातो. माणगावला तीन तास ट्रॅफिकमध्ये अडकलो आणि बॅटरी संपली तर? पेट्रोलला तशी भीती नाही. रात्री झोप लागत नाही या विचाराने.

उत्तर : काका, माणगावच्या ट्रॅफिकची भीती आधी काढून टाका. गाडी उभी असताना मोटर काही खात नाही, एसी तासाला एक-सव्वा युनिट घेतो. तीन तास अडकलात तर साडेतीन-चार युनिट गेले, म्हणजे पंचवीस किलोमीटरची रेंज. पेट्रोलचं इंजिन तेवढ्या वेळात एसी लावून दोन-तीन लिटर जाळतं, फक्त ते आपल्या लक्षात येत नाही कारण टाकी मोठी असते.

अंतराचं बघू. खारघर ते चिपळूण सव्वादोनशे किलोमीटरच्या आत-बाहेर, ४० युनिटची गाडी एका चार्जमध्ये अडीचशे जाते असं धरा. म्हणजे कागदावर पोचता, पण असं काठावर जायचं नाही, कोणीच जाऊ नये. महाडच्या आसपास जेवायला थांबायचं आणि तेव्हाच लावायची. दोन चार्जर आधी बघून ठेवायचे, एक ठरलेला आणि एक त्याच्या वीसेक किलोमीटर अलीकडचा, आणि अलीकडच्यावर रांग नसेल तर तिथेच उरकून घ्यायचं. ८० टक्के झाले की निघायचं. त्यापुढे गाडी मुद्दाम करंट कमी करत जाते, कळशी भरत आली की आपण तांब्याचा हात हळू करतो ना तसं, शेवटच्या वीस टक्क्यांना आधीच्या पन्नास टक्क्यांएवढा वेळ लागू शकतो, आणि मागे उभा असलेलाही कोणाचा तरी गणपती घेऊन निघालेला असतो.

तरी गणपतीच्या आदल्या दोन दिवसांत पेट्रोलची गाडी जास्त सोयीची, हे तुमचं बरोबर आहे. हायवेच्या एका चार्जरवर चार गाड्या पुढे असल्या तर तीन तास गेलेच समजा. मी स्वतः गेल्या वेळी पहाटे तीनला निघून सातच्या आत चार्जिंग उरकलं, आणि परतीला विसर्जनानंतर एक दिवस थांबून निघाले. मुलाला सुट्टी तशी मिळत नसेल तर त्या एका खेपेला भाड्याची गाडी करा, बाकीचे दिवस ही आहेच.

आता गावच्या घरचं, कारण माझी खरी काळजी तिथली आहे. जुन्या घरात अर्थिंग बहुतेक नावालाच असतं, आणि ते नसेल तर चार्जरचा लाल दिवा लागतो, गाडी चार्जिंग घेतच नाही. आमच्याकडे तसंच झालं, मागच्या पडवीत रात्री साडेदहाला टॉर्च धरून उभे, घरात आरती चाललेली आणि दिवा काही हिरवा होईना. अर्थिंगचा खड्डा होता पण कोरडा ठणठणीत, वर्षानुवर्षं कोणी पाणीच घातलेलं नव्हतं. दोन बादल्या ओतल्या तरी फरक पडला नाही, दुसऱ्या दिवशी गावच्या वायरमनने नवीन पाइप ठोकला तेव्हा जमलं. त्यामुळे हे काम गणपतीच्या महिनाभर आधी फोन करून सांगून ठेवा. आणि संध्याकाळी गावात सगळीकडे रोषणाई असते, व्होल्टेज पडतं, तेव्हा चार्जरवर करंट कमी करायची सोय असेल तर दहा अँपिअरवर ठेवून रात्री अकरानंतर लावा, सकाळी सातपर्यंत अठराएक युनिट येतात, म्हणजे शंभरावर किलोमीटर. गाडी पडवीपर्यंत येत नसेल तर अंगणात सॉकेट किती लांब लागेल ते गावच्या कोणाकडून तरी आत्ताच दोरीने मोजून घ्या, मुलाला वायर तेवढी आणता येईल.