माशाच्या जीवाश्मातलं हाड अजून हाडच असतं, की त्याचा दगड झालेला असतो? एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकांची रचना तपासणं) आणि रामन (लेसरच्या विखुरलेल्या प्रकाशावरून खनिज ओळखणं) यांनी ते कसं ओळखतात?

बहुतेक जीवाश्मांत हाडाचं खनिज, म्हणजे अ‍ॅपेटाइट (एक कॅल्शियम फॉस्फेट), टिकलेलं असतं. पण ते जिवंत माशात होतं तसं राहिलेलं नसतं.

ब्राझीलच्या ईशान्येला आरारिपे खोरं आहे. तिथल्या रोमुआल्दो थरात चुनखडीचे गोटे मिळतात. गोटा फोडला की आत राकोलेपिस किंवा व्हिंक्टिफरसारखा अख्खा मासा निघतो, साधारण ११ कोटी वर्षांपूर्वीचा. असा नमुना हाती आला तर मी आधी हाड, खवले आणि भोवतालचा दगड यांची पूड वेगवेगळी करेन. इथे आळस केला तर पुढचं सगळं मोजमाप वाया जातं.

तांब्याच्या क्ष-किरण नळीच्या एक्सआरडीत कॅल्साइटचं, म्हणजे चुनखडीच्या खनिजाचं, मोठं पीक (आलेखातलं शिखर) २९.४ अंशांवर येतं, अ‍ॅपेटाइटची ३१.८, ३२.२ आणि ३२.९ च्या आसपास. ताज्या हाडात स्फटिक इतके बारीक असतात की ही तीन पिकं मिसळून एकच उंचवटा दिसतो. जीवाश्मात ती सुटी होतात, कारण स्फटिक वाढलेले असतात. शिवाय भूजलातला फ्लोरिन आत शिरला असेल तर स्फटिकाची जाळी किंचित आकसते आणि ३२.९ चं पीक ३३.१ कडे सरकतं. फरक फक्त ०.२ अंशाचा, म्हणून पुडीत थोडं सिलिकॉन मिसळा आणि त्याच्या ठाऊक असलेल्या पिकांवरून कोन तपासून घ्या. हा फ्लोरिन हातातल्या एक्सआरएफ यंत्राला (क्ष-किरणांनी मूलद्रव्यं ओळखणाऱ्या) दिसत नाही. मूलद्रव्य फार हलकं आहे.

रामनमध्ये फॉस्फेटची रेषा ९६० च्या वर लगेच, कॅल्साइटची १०८६ ला (हे आणि पुढचे एफटीआयआरचे आकडे प्रति सेंटिमीटर, cm⁻¹ मध्ये). मात्र जीवाश्म बऱ्याचदा लेसरखाली इतके चमकतात की रेषा त्या प्रकाशात बुडून जाते. हिरव्या लेसरऐवजी ७८५ नॅनोमीटरचा वापरून बघा.

सगळ्यात जास्त चुका मला एफटीआयआरच्या, म्हणजे खनिज कोणता अवरक्त प्रकाश शोषतं ते मोजणाऱ्या पद्धतीच्या, आलेखात दिसतात. १४२० ते १४५० च्या पट्ट्यात कार्बोनेट दिसलं की लोक लगेच ‘कॅल्साइट’ लिहून मोकळे होतात. पण अ‍ॅपेटाइटच्या जाळीतही फॉस्फेटच्या जागी कार्बोनेट बसतं आणि तेही तिथेच दिसतं. ८७० च्या आसपासचा पट्टाही दोघांचा जवळजवळ सारखाच. म्हणून ७१२ बघायचं. तिथे पट्टा असेल तर कॅल्साइट आहे. तरीही शंका राहिली तर थोडी पूड सौम्य अ‍ॅसेटिक आम्लात ठेवा, कॅल्साइट विरघळून जाईल. मग धुऊन, वाळवून पुन्हा मोजा. आता उरलेलं कार्बोनेट मुख्यतः अ‍ॅपेटाइटचं.

आता तुमचा मूळ प्रश्न. अ‍ॅपेटाइट सापडलं म्हणजे हाडच सापडलं, असं नाही. याच आरारिपेच्या माशांत स्नायूंचे तंतूसुद्धा अ‍ॅपेटाइटचे झालेले आहेत. जीवाश्मशास्त्रज्ञ डेव्हिड मार्टिल यांनी १९८९ मध्ये त्याला ‘मेड्युसा इफेक्ट’ म्हटलं (ग्रीक पुराणातली मेड्युसा नजरेने माणसाचा दगड करायची): मासा मेल्यावर काही तासांतच मांसावर फॉस्फेट बसलं, कुजायला वेळच मिळाला नाही. हाडात अ‍ॅपेटाइट मुळातच होतं, मांसात नव्याने आलं, आणि एक्सआरडीच्या आलेखावर दोन्ही जवळपास सारखी दिसू शकतात. त्यामुळे पूड कुठून खरवडली, त्याचा फोटो काढून ठेवा आणि त्या जागेचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली जरूर बघा.