पाथर्डी फाटा ते नाशिकरोड: नाशिकमध्ये गाडी चालवण्याआधी शहराची ठेवण समजून घ्या

तुम्ही पुण्याहून बदली होऊन नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत येताय, घर पाथर्डी फाटा किंवा इंदिरानगरकडे बघताय आणि पत्नीला रोज स्कूटीवरून नाशिकरोडला जावं लागणार आहे. तुमचा प्रश्न असा, की नाशिकचे लोक गाड्या वाईट चालवतात की रस्तेच वाईट आहेत, आणि यात सुखरूप कसं राहायचं. त्यावर बऱ्याच जणांनी "इथे कुणाला शिस्तच नाही" एवढं लिहून विषय संपवलाय. शिस्त कमी आहे हे खरं. पण ती नेमकी कुठे आणि का सुटते, हे कळलं तर निदान आपल्याला सावध राहता येतं. अंबडच्याच एका कारखान्यात मी बरीच वर्षं मालवाहतूक सांभाळली. ट्रकच्या केबिनमधून आणि स्वतःच्या दुचाकीवरून असे दोन्हीकडून हे रस्ते पाहिलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नाशिकची गोम अशी की मुंबई-आग्रा महामार्ग शहराच्या पोटातून जातो. एके काळी सिडको, इंदिरानगर, पाथर्डी हा भाग गावाबाहेर होता आणि महामार्ग ही शहराची कड होती. अंबड-सातपूरच्या कारखान्यांमुळे वस्ती वाढत गेली आणि महामार्ग दोन वसाहतींच्या मध्ये आला. २०१३ मध्ये उड्डाणपूल सुरू झाला, लांबची वाहतूक वरून जायला लागली, आणि त्याचा फायदा निःसंशय झाला. पण वरचा रस्ता मोकळा झाला तसा खालचा झाला नाही. जिथे पूल नाही तिथे महामार्ग भरावावर आहे आणि पलीकडे जायला इंदिरानगर, राणेनगर असे बोगदे आहेत. समोर डोळ्यांना दिसणाऱ्या सोसायटीत जायचं तरी आधी बोगदा गाठा, तिथल्या गर्दीत थांबा, मग पलीकडच्या समांतर रस्त्याने मागे या. बोगदा जवळच, पण उलट दिशेला असेल, तर दुचाकीवाला सरळ उलटा येतो. रोज येतो, मागे मुलाला बसवून येतो.

मी त्याचं समर्थन करत नाही. पण यातून तुमच्या कामाची गोष्ट निघते: उलटा येणारा कुठे भेटेल हे इथे आधीच सांगता येतं. बोगद्याच्या तोंडाशी, समांतर रस्त्यावरच्या पेट्रोल पंपाच्या अलीकडे, डिव्हायडर फोडून केलेल्या वाटेजवळ आणि भाजीबाजारापाशी. तो नेहमी तुमच्या डाव्या कडेला चिकटून येतो. म्हणून समांतर रस्त्यावर, विशेषतः अंधार पडल्यावर, अगदी डावी कड धरू नका. कडेपासून हातभर आत राहा, वेग कमी ठेवा आणि तो दिसला तर झटक्यात उजवीकडे घेऊ नका. मागून येणारी रिक्षा नेमकी त्याच वेळी उजवीकडून काढत असते. वेग कमी करायचा, त्याला जाऊ द्यायचं, वाद घालायचा नाही.

द्वारका चौकाबद्दल तुम्ही ऐकलं असेलच. आग्रा रस्ता आणि पुणे रस्ता तिथे भेटतात, जुन्या नाशिकची वाहतूक त्यात मिसळते, शेअर रिक्षा आणि खासगी बसवाले तिथेच प्रवासी भरतात. पादचाऱ्यांसाठी बांधलेला भुयारी मार्ग वर्षानुवर्षं वापराविना राहिला, त्यामुळे माणसं बॅगा घेऊन वाहनांमधूनच रस्ता ओलांडतात. चौकाची रचना पुन्हा पुन्हा बदलली जाते. नव्या माणसाने तिथे गूगल मॅप बघत गाडी चालवू नये. आधी एखाद्या रविवारी सकाळी जाऊन कुठली लेन कुठे जाते ते बघून या.

आता जड वाहनांबद्दल. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि यावर फार कमी लोक लिहितात.

८ ऑक्टोबर २०२२ ला पहाटे यवतमाळहून मुंबईला जाणारी खासगी बस संभाजीनगर रस्त्यावर मिरची हॉटेलच्या चौकात ट्रेलरला धडकून पेटली. बारा जणांचा जीव गेला. १२ जानेवारी २०२५ ला संध्याकाळी द्वारका भागातल्या उड्डाणपुलावर, निफाडकडून सिडकोला परतणाऱ्या माणसांचा टेम्पो लोखंडी सळया भरलेल्या ट्रकवर मागून आदळला आणि सळया थेट माणसांत घुसल्या. या दोन्ही जागांवरून आजही कुणी जाताना वेग कमी करत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. गाडीच्या हौद्याबाहेर सळया काढून नेण्याला कायद्याने बंदी आहे, तरी त्या जातात. कुणी लाल फडकं बांधतं, कुणी तेही नाही. रात्री फडक्याचा उपयोग शून्य. उड्डाणपुलावर पुढे ट्रक असेल तर त्याचे मागचे दिवे स्पष्ट दिसेपर्यंत लांबच राहा. आणि पिकअपच्या हौद्यात माणसं बसवून लग्नाला किंवा जत्रेला जायची आपल्याकडची जी पद्धत आहे, तिला घरातल्या मोठ्यांनीच नाही म्हटलं पाहिजे.

अंबड-सातपूरमध्ये रोज गाठ पडेल ती ट्रेलरशी. पपया नर्सरीच्या चौकात किंवा एक्सलो पॉईंटला ट्रेलरला डावीकडे वळायचं असलं की तो आधी थोडा उजवीकडे घेतो, कारण मागची चाकं आतून कापत येतात. दुचाकीवाल्याला वाटतं, डावीकडे मोकळी जागा झाली, आणि तो घुसतो. केबिनमध्ये बसून मी हे पाहिलंय: त्या क्षणी चालकाला डाव्या बाजूचं जवळजवळ काहीही दिसत नाही. पुढच्या काचेखालचंही दिसत नाही, त्यामुळे सिग्नलला ट्रकच्या अगदी नाकासमोर स्कूटी उभी करणं तितकंच धोक्याचं. साधी खूण सांगतो. तुम्हाला आरशात चालकाचा चेहरा दिसत नसेल, तर त्याला तुम्ही दिसत नाही. पत्नीला हे एवढं एक जरूर समजावून सांगा.

शहराबाहेर पडलात की ट्रॅक्टर. लासलगाव, पिंपळगावच्या बाजाराला कांदा घेऊन जाणाऱ्या ट्रॉल्या, हंगामात टोमॅटोचे कॅरेट भरलेले पिकअप, उन्हाळा लागेपर्यंत द्राक्षांच्या गाड्या. हे सगळं या जिल्ह्याचं पोट आहे, त्यांना रस्त्यावर यायलाच हवं. पण ट्रॉलीला मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर मातीने माखलेला असतो, आणि थंडीत निफाडकडे धुकं पडलं की ती दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो. पहाटे चांदोरीकडे निघायचं असेल तर उजाडू द्या. बाजार समित्यांच्या दारात रिफ्लेक्टर पट्टी चिकटवल्याशिवाय ट्रॉली आत घ्यायचीच नाही, असं ठरवलं तर खर्च किती येणार? अशा कामासाठी आपण लोकांनी सतत मागे लागायला हवं.

अपघाताचं आणखी एक कारण म्हणजे पायी जाणारे भाविक. शिर्डीच्या पालख्या, नवरात्र-कोजागिरीला वणीला सप्तशृंगीच्या गडावर चालत जाणारे, श्रावणात तिसऱ्या सोमवारच्या ब्रह्मगिरी फेरीला त्र्यंबककडे निघालेले. हे लोक रात्री चालतात, घोळक्याने चालतात. त्या दिवसांत दिंडोरी रस्ता, सिन्नर-शिर्डी रस्ता आणि त्र्यंबक रस्ता शक्यतो रात्री टाळाच. त्र्यंबक रस्त्यावर तर तिसऱ्या सोमवारी खासगी गाड्यांना बऱ्याचदा बंदी असते, आदल्या दिवशीचं वर्तमानपत्र बघून निघा.

खड्ड्यांविषयी. नाशिक शहरात इगतपुरी-त्र्यंबकसारखा पाऊस पडत नाही, तरी जुलैत रस्ते उखडतात, कारण दोष फक्त पावसाचा नसतो. पाण्याची लाइन, गॅसची लाइन, ड्रेनेज, केबल यांसाठी रस्ता खोदला जातो, चरात माती आणि मुरूम लोटून वरून डांबर फिरवलं जातं, खाली दाबणी नीट होत नाही. पहिल्या चांगल्या पावसात चर खचतो. २०२७ च्या सिंहस्थाच्या कामांमुळे सध्या खोदकाम वाढलंय. आडवा खड्डा निदान दणका देऊन सोडतो. रस्त्याच्या लांबीने गेलेला चर मात्र स्कूटीचं लहान चाक धरून ठेवतो आणि गाडी पाडतो. तो ओलांडायचाच असेल तर वेग अगदी कमी करून, तिरपं घेऊन ओलांडायचा, कडेने घासत जायचं नाही. खड्ड्यात टाकलेली कच दोन दिवसांत बाहेर पसरते, त्यावर वळताना पुढचा ब्रेक दाबला की स्कूटी घसरलीच. आणि पाण्याने भरलेल्या रस्त्यावर पुढची रिक्षा जिथून गेली तिथूनच जा. चेंबरचं झाकण आहे की नाही, हे पाण्याखाली दिसत नाही.

खड्ड्यामुळे इजा झाली तर गप्प बसू नका. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये स्पष्ट सांगितलंय, की खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास कुटुंबाला ६ लाख रुपये, आणि जखमीला दुखापतीच्या प्रमाणात ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई मिळाली पाहिजे, आणि तक्रार आल्यावर ४८ तासांत खड्ड्याची दखल घेतली गेली पाहिजे. यासाठी पुरावा लागतो. मोबाइलवर खड्ड्याचा फोटो, जवळची दुकानाची पाटी दिसेल असा, तारीख-वेळेसह. आधी केलेल्या तक्रारीचा क्रमांक असेल तर उत्तमच. मी आमच्या कॉलनीत सगळ्यांना सांगितलंय: खड्डा दिसला की तक्रार नोंदवायची, आपण पडलो नाही तरी.

गंगापूर रोडला आलात तर एक गोष्ट लक्षात ठेवा. रस्ते रुंद करताना जुने वड जिथल्या तिथे राहिले, त्यामुळे काही ठिकाणी भला थोरला बुंधा चक्क डांबराच्या मध्ये आहे. ही झाडं तुटू नयेत असंच मला मनापासून वाटतं. पण झाड ठेवायचं तर त्याच्या अलीकडे रंगाचे पट्टे, रिफ्लेक्टर आणि गाडी कुठून वळवायची याच्या खुणा नीट हव्यात. रात्री त्या बाजूने येताना पुढच्या गाडीचे दिवे अचानक एका बाजूला सरकले तर समजा पुढे झाड आहे.

माणसांच्या सवयींबद्दल थोडकं. शेअर रिक्षा हात दिसला की थांबते, इंडिकेटरची वाट बघू नका. चालकाने हात किंवा पाय बाहेर काढला म्हणजे तो त्या बाजूला वळणार. कॉलेज रोडला अठरा वर्षांखालची मुलं विनापरवाना मोपेड पळवताना दिसतील. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार अशा वेळी पालकाला किंवा गाडीमालकाला २५ हजारांचा दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे तुमच्या सोसायटीत जरूर सांगा. हेल्मेटसाठी नाशिक पोलिसांनी १५ ऑगस्ट २०२१ पासून 'नो हेल्मेट, नो पेट्रोल' मोहीम चालवली होती. तेवढे दिवस डोक्यावर हेल्मेट दिसलं, मग ते पुन्हा हँडलला लटकायला लागलं. पत्नीचं हेल्मेट पूर्ण चेहरा झाकणारं, आयएसआय खुणेचं घ्या आणि पट्टा लावायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

अपघात दिसला तर थांबायला घाबरू नका. जखमीला मदत करणाऱ्याला कायद्याने संरक्षण आहे, दवाखान्यात नाव सांगायची सक्ती नाही. रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसाठी ११२, राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३. मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला पहिल्या सात दिवसांत दीड लाखापर्यंत रोकडविरहित उपचाराची केंद्राची योजना आहे, नातेवाइकांनी ती दवाखान्यात आवर्जून विचारावी.

आता तुमचा रस्ता. इंदिरानगरहून नाशिकरोडला जायला द्वारकेला जायची गरजच नाही. वडाळा-पाथर्डी रस्त्याने वडाळा गाव, तिथून डीजीपीनगर करत पुणे रस्त्याला लागायचं, मग उपनगर, दत्तमंदिर, बिटको. वडाळा गावात गर्दी आणि अरुंद वळणं आहेत, पण वेग कमी असतो, आणि स्कूटीसाठी मला तेच बरं वाटतं. दुसरा रस्ता पाथर्डी गावातून वडनेर, विहितगाव असा. तो दिवसा मोकळा आणि सुंदर आहे, पण रात्री अंधार असतो, मध्ये वस्ती विरळ आहे आणि त्या भागात बिबट्याचा वावर आहे. संध्याकाळी परतताना तो नको. पावसाळ्याचे दोन महिने सिटीलिंकची बस जमते का तेही बघा, महापालिकेने ती जुलै २०२१ मध्ये सुरू केली. वेळेबाबत तक्रारी आहेत, पण मुसळधार पावसात स्कूटीपेक्षा ती केव्हाही बरी.

घराचं म्हणाल तर कारखाना आणि घर महामार्गाच्या एकाच बाजूला येईल असं बघा, म्हणजे तुमचा तरी रोजचा बोगदा वाचेल. फ्लॅट पसंत करण्याआधी एखाद्या कामाच्या दिवशी सकाळी नऊला आणि संध्याकाळी सातला, शक्य असल्यास पाऊस पडून गेल्यावर, सोसायटीच्या दारातून महामार्ग ओलांडून बघा. पत्नीची कामाची वेळ आणि नाशिकरोडला नेमकं कुठे जायचंय ते लिहिलंत, तर मधले चौक कुठे टाळता येतील ते सांगतो.