वाचक विचारतात : अनुराधापूरला लाल बसनं जाता येईल का?

प्रश्न : आम्ही सिंदेवाही तालुक्यातले. धानाचे चुकारे हाती आले की मी, माझे मिस्टर आणि सासूबाई, तिघं श्रीलंकेला जायचं म्हणतोय. सासूबाईंना अनुराधापूरचा बोधिवृक्ष आणि कँडीचं दंतधातू विहार पाहायचं आहे. एका टूरवाल्यानं गाडी-ड्रायव्हरसकट पॅकेज सांगितलं, ते झेपत नाही. तिथं आपल्या एसटीसारखी सोय आहे का? इंग्रजी आम्हाला बेताचं येतं आणि सासूबाईंचे गुडघे दुखतात.
*– एक वाचक भगिनी, जि. चंद्रपूर*

उत्तर : ताई, जन्म एसटीत तिकिटं फाडण्यात गेलेल्या माणसाला विचारलंत, तेव्हा उत्तर लाल बसच्या बाजूनंच येणार, हे आधीच सांगून टाकतो.

सोय आहे, आणि चांगली आहे. श्रीलंका परिवहन मंडळाच्या बस लालच असतात, बऱ्याचशा अशोक लेलँडच्या. बाकीच्या खाजगी. पाटीवर सिंहली, तमिळ आणि इंग्रजी अशा तीनही लिप्यांत गाव लिहिलेलं असतं, शिवाय मार्गाचा नंबर असतो. कोलंबो-कँडी म्हणजे १ नंबर, विमानतळावरून कोलंबोला १८७. गावाचं नाव कागदावर लिहून कंडक्टरला दाखवलं की भाषेचं काम भागलं. सुटे पैसे मात्र जवळ ठेवा. आपल्या एका रुपयाचे तिथले तीनेक रुपये होतात, त्यामुळे भाड्याचा आकडा ऐकून दचकू नका.

तिथल्या कंडक्टरकडे मी व्यवसायबंधू म्हणून बघत बसलो होतो. नोटा उभ्या दुमडून बोटांच्या बेचक्यात, प्रत्येक बेचक्यात वेगळी नोट. एक हात वरच्या दांडीला, आणि घाटाच्या वळणावरही मोड परत करताना चूक नाही. खाजगी बसचा क्लीनर दारात लोंबकळत गावांची नावं एका दमात ओरडतो. तिथली बस स्टॉपवर पुरती थांबेलच असं नाही. सासूबाई सोबत आहेत, तर मधल्या फाट्यावर चढू नका. जिथून गाडी लागते त्या स्टँडवर जाऊन जागा धरा आणि उतरायच्या आधीच दारापाशी या. पुढचं एक आसन भिक्खूंसाठी राखीव असतं. भंते चढले की उठायचं, आणि बाईमाणसानं त्यांच्या शेजारी बसायचं नाही, असा तिथला रिवाज. टपावर सामान चढत नाही, डिक्कीही नावालाच. मोठी सुटकेस नेलीत तर तिचंही तिकीट मागतील. एकेक पिशवी पुरे.

आता मार्ग. बल्लारशावरून रेल्वेनं चेन्नई, तिथून कोलंबोचं विमान दीडेक तासाचं. व्हिसाचे नियम बदलत असतात, म्हणून तिकीट काढण्याआधी सरकारी संकेतस्थळ बघा, एजंटाच्या तोंडावर जाऊ नका. कोलंबोत फोर्ट स्टेशनजवळ मुक्काम करा. स्टेशनासमोर कर्नल ऑल्कॉट यांचा पुतळा आहे, खूण म्हणून सोपी. सकाळी तिथून उत्तरेकडची रेल्वे घेतली की चार-पाच तासांत अनुराधापूर. आरक्षण मिळालं तर उत्तम, नाही तर बिनआरक्षणाचं तिकीट त्याच दिवशी खिडकीवर मिळतं. मग अनुराधापूरहून दांबुल्लामार्गे बसनं कँडी, साधारण चार तास. कँडीहून रेल्वेनं कोलंबो. संपला फेरा. डोंगरातलं एल्ला, समुद्रकिनारे वगैरे यादीतून काढून टाका. पॅकेजवाले मसाल्याच्या बागेत नि रत्नांच्या दुकानात जो वेळ घालवतात, तो तुम्ही बोधिवृक्षाखाली घालवा.

तिथं घाई अजिबात नको. इसवी सनापूर्वी २८८ मध्ये लावलेला म्हणून हा वृक्ष सांगतात. सम्राट अशोकाची मुलगी संघमित्रा हिनं बोधगयेहून आणलेल्या फांदीचा. आपल्या दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्ष भदंत आनंद कौसल्यायन यांनी अनुराधापूरहूनच आणलेल्या फांद्यांचा. सासूबाईंना हे ठाऊक असेलच. पांढरी साडी न्या, तिथं बहुतेक सगळे पांढऱ्यात असतात. चपला बाहेर काढाव्या लागतात, आणि दुपारी स्तूपाभोवतीची फरशी अशी तापते की परिक्रमा पळत करावी लागते. पायमोजे चालतात, ते पिशवीत टाका. मूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नका, तिथं ते फार लागतं लोकांना.

गुडघ्यांसाठी इथं रिक्षा करा, पैसे वाचवू नका. विहार, स्तूप एकमेकांपासून लांब आहेत. रिक्षा आपल्याच बजाजच्या, पण मीटरचा भरवसा नाही. अर्ध्या दिवसाचं ठरवून, आकडा कागदावर लिहूनच बसा. मिहिंतले ही बौद्धांची पवित्र टेकडी तिथून बारा-तेरा किलोमीटर. पायऱ्या १८४० आहेत म्हणून घाबरू नका, रिक्षा वरच्या वाहनतळापर्यंत जाते आणि बऱ्याच पायऱ्या वाचतात. उरलेल्यासुद्धा काही कमी नाहीत, शेवटचा चढ सासूबाईंनी खालूनच वंदन करून सोडला तरी चालेल. अवशेषांच्या तिकिटात सार्क देशांच्या, म्हणजे आपल्याही, लोकांना सवलत असते, पासपोर्ट खोलीवर ठेवून निघू नका.

जानेवारी अखेर ते मार्च बरा. त्याआधी त्या भागात ईशान्येचा पाऊस असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यांचं धान कापणीला येतं, रस्त्याच्या कडेला वाळत घातलेलं दिसेल. आणि अनुराधापूरच्या तिस्सा वेवाच्या, म्हणजे तिस्सा तलावाच्या, पाळीवर उभ्या राहाल तेव्हा आपल्या मामा (माजी मालगुजारी) तलावाचीच पाळ वाटेल, फक्त राजानं बांधलेली. पौर्णिमेला तिथं सुट्टी असते. तुम्हाला तो दिवस साधावासा वाटेल, पण बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते. आदल्या दिवशीच अनुराधापूर गाठून तिथंच राहणार असाल तर साधा.

जेवणाचं थोडक्यात : भात-डाळ सगळीकडे मिळते. खोबऱ्याच्या चटणीत मात्र सुक्या मासळीचा चुरा असतो. सासूबाई शाकाहारी असतील तर आधी विचारा.

प्रश्न : बोटीनं जाता येतं असं ऐकलं. आणि तिथं गाडी भाड्यानं घेऊन स्वतः चालवली तर?
*– एक वाचक, ता. पुसद*

उत्तर : तमिळनाडूतल्या नागपट्टिनमहून कांकेसंतुरईला २०२३ मध्ये बोट सुरू झाली. हवामान बिघडलं की ती बंद ठेवतात, म्हणून परतीचं विमान तिच्या भरवशावर काढू नका. उतरता ती जागा जाफनाजवळ, तिथून अनुराधापूरला रेल्वे आहे.

गाडी तिथंही डाव्या बाजूनंच चालते, पण नुसतं आपलं लायसन चालत नाही, तिथली वेगळी परवानगी काढावी लागते. माझं मत विचाराल तर नको. त्या खाजगी बसवाल्यांचं ओव्हरटेक मी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवरून पाहिलं आहे, समोरून पाहायची माझी हौस नाही.