वाचकांचे प्रश्न : जुन्या गेमिंग संगणकासाठी नवे ग्राफिक्स कार्ड

प्रश्न : आमच्या घरी २०१९च्या दिवाळीत लॅमिंग्टन रोडवरून जुळवून घेतलेला संगणक आहे. त्यात रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, ८ जीबीच्या दोन रॅम, ४ जीबीचे जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड आणि ४५० वॉटचा एसएमपीएस (सर्व भागांना वीज पुरवणारा डबा) आहे. मॉनिटर २४ इंची, फुल एचडी, ६० हर्ट्‌झचा आहे. मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असून नवे खेळ या कार्डावर चालत नाहीत, अशी त्याची तक्रार आहे. त्याला आरटीएक्स ५०६० हवे आहे आणि ते अभ्यासालाही उपयोगी पडेल, असे तो म्हणतो. शेजारचे एक जाणकार ८ जीबीचे कार्ड घेऊ नका म्हणतात, तर दुकानदाराने अख्खा संगणकच बदलायला सांगितला. ४५ हजार रुपयांपर्यंत खर्चाची तयारी आहे. काय घ्यावे?
— एक पालक, गोरेगाव

उत्तर : अख्खा संगणक बदलण्याची गरज नाही. तुमच्या चिरंजीवांची तक्रार मात्र खरी आहे. जीटीएक्स १६५० हे एप्रिल २०१९मध्ये आलेले कार्ड त्या काळीही खालच्या श्रेणीतलेच होते. त्यात रे ट्रेसिंगसाठी, म्हणजे प्रकाश आणि सावल्या खऱ्यासारख्या दाखवण्यासाठी, लागणारे विशेष भाग नाहीत, आणि ‘डूम : द डार्क एजेस’सारखे २०२५मधले काही खेळ अशा भागांखेरीज सुरूच होत नाहीत. अडचण कार्डाचीच आहे याची खात्री घरच्या घरी करता येते. खेळ चालू असताना टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्सच्या पानावर पाहावे. ग्राफिक्सचा वापर सतत शंभर टक्क्यांच्या आसपास आणि प्रोसेसरचा त्याहून बराच कमी दिसला, तर कार्डच मागे पडत आहे असे समजावे.

कार्ड कोणते घ्यायचे हे ठरवण्याआधी एसएमपीएसकडे पाहावे लागेल. या बाबतीत बहुतेक ग्राहक गाफील राहतात, आणि दुकानदारही विचारल्याशिवाय सांगत नाहीत. जीटीएक्स १६५० केवळ ७५ वॉट वीज घेते आणि ती मदरबोर्डाच्या स्लॉटमधूनच मिळते, म्हणून त्याच्या अनेक मॉडेलांना वेगळी केबल जोडावी लागत नाही. याचा अर्थ, तुमच्या एसएमपीएसची खरी परीक्षा आजवर झालेलीच नाही. कॅबिनेटची बाजूची पाटी काढून एसएमपीएसवरचे लेबल वाचावे. ‘४५० वॉट’ या ठळक अक्षरांना भुलू नये. खाली जो छोटा तक्ता असतो त्यात १२ व्होल्टच्या रकान्यातला अँपिअरचा आकडा शोधून त्याला १२ने गुणावे. तो आकडा २८ असेल तर कार्ड आणि प्रोसेसर यांच्यासाठी प्रत्यक्षात ३३६ वॉटच उपलब्ध आहेत. त्यातले सुमारे ९० वॉट तुमचा प्रोसेसर पूर्ण भाराखाली घेऊ शकतो, आजची मध्यम श्रेणीतली कार्डे १४५ ते १८० वॉट घेतात आणि क्षणभरासाठी त्याहून बरेच वर उसळतात. शिवाय अशा कार्डांना आठ पिनांची स्वतंत्र केबल लागते, जी स्वस्तातल्या एसएमपीएसमध्ये पुष्कळदा नसतेच. ती नसेल तर हार्ड डिस्कच्या जोडणीवरून अडॅप्टर लावून देण्याची तयारी दुकानात दाखवली जाते. ती ठामपणे नाकारावी, कारण त्या बारीक तारांतून आठ पिनांच्या जोडणीचे १५० वॉट नेणे म्हणजे तार वितळण्याला आमंत्रण आहे. सहा वर्षे मुंबईच्या दमट हवेत चाललेला एसएमपीएस मी तरी नव्या कार्डाखाली ठेवणार नाही. तेव्हा ४५ हजारांतून आधी नामांकित कंपनीच्या ५५० किंवा ६५० वॉटच्या एसएमपीएसचे पैसे बाजूला काढावेत आणि उरलेल्या रकमेत कार्ड पाहावे.

आता ८ जीबीचा, म्हणजे आरटीएक्स ५०६०वर असलेल्या मेमरीचा प्रश्न. तुमच्या शेजाऱ्यांचे म्हणणे बरोबर आहे, मात्र तुमच्या संगणकाच्या बाबतीत त्याला आणखी एक कारण आहे आणि ते सहसा कोणी समजावून सांगत नाही. कार्ड आणि उर्वरित संगणक यांच्यातली माहितीची ये-जा पीसीआय एक्स्प्रेस या मार्गाने होते. तुमच्या बी४५० मदरबोर्डावर हा मार्ग तिसऱ्या पिढीचा आहे. त्याच्या सोळाही मार्गिका वापरल्या तर सेकंदाला सुमारे १६ जीबी माहिती जाऊ शकते. आरटीएक्स ५०६० स्वतः पाचव्या पिढीचे असले तरी ते आठच मार्गिका वापरते, म्हणजे तुमच्याकडे त्याच्या वाट्याला सेकंदाला सुमारे ८ जीबीच येतात. खेळाला लागणारी चित्रे कार्डावरच्या मेमरीत मावतात तोवर याने फारसे बिघडत नाही. ती मेमरी भरली की उरलेला माल संगणकाच्या रॅममध्ये ठेवला जातो आणि प्रत्येक वेळी याच निमुळत्या वाटेने आणावा लागतो. मग सरासरी फ्रेम (सेकंदाला पडद्यावर उमटणारी चित्रे) ठीक दिसतात, पण वळणावर किंवा नव्या दृश्यात खेळ अडखळतो, आणि ते अडखळणे खेळणाऱ्याला कमी फ्रेमपेक्षा जास्त खुपते. नव्या मदरबोर्डावर हेच कार्ड बऱ्यापैकी चालते. तुमच्या मदरबोर्डावर कमी मेमरी आणि अर्धी वाट अशा दोन उणिवा एकत्र येतात.

म्हणून माझी पहिली पसंती एएमडीच्या आरएक्स ९०६० एक्सटी या कार्डाच्या १६ जीबीच्या आवृत्तीला आहे. जून २०२५मध्ये आलेले हे कार्ड सोळाही मार्गिका वापरते, १६० वॉटच्या आसपास वीज घेते आणि तुमच्या फुल एचडी मॉनिटरला कित्येक वर्षे पुरेल. पुढे २५६० गुणिले १४४० बिंदूंचा मॉनिटर घेतला, तर दर फ्रेमला सुमारे पावणेदोन पट बिंदू रंगवावे लागतात. तेही काम ते नीट करील. दुकानात नाव नीट वाचून घ्यावे, कारण याच नावाने ८ जीबीची आवृत्तीही विकली जाते आणि खोक्यावर फरक दिसतो तो केवळ त्या एका आकड्याचा. अमेरिकेत १६ जीबीच्या आवृत्तीची जाहीर किंमत ३४९ डॉलर होती आणि आरटीएक्स ५०६०ची २९९. आपल्याकडे १८ टक्के जीएसटी आणि वितरकाचा नफा धरून भाव पंधरवड्यात इकडचा तिकडे होतो, त्यामुळे अंक हाती पडेपर्यंत शिळा होईल असा रुपयांतला आकडा येथे देत नाही.

‘अभ्यासालाही उपयोगी’ हा युक्तिवाद प्रत्येक घरात ऐकू येतो, तरी या वेळी तो झटकून टाकू नये. चिरंजीवांच्या अभ्यासक्रमात मशीन लर्निंग असेल किंवा ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरवर काम असेल, तर त्यातली बरीच साधने एनव्हिडियाच्या कुडा या प्रणालीवर बेतलेली असतात आणि ती एएमडीच्या कार्डावर चालत नाहीत किंवा खटपट करून चालवावी लागतात. तसे असेल तर आरटीएक्स ५०६० टीआयची १६ जीबीची आवृत्ती घ्यावी. तेही आठच मार्गिका वापरते, पण मेमरी भरपूर असल्यामुळे वाट अरुंद असल्याचा तोटा क्वचितच जाणवतो. त्याची जाहीर किंमत ४२९ डॉलर होती, तेव्हा अंदाजपत्रक ताणावे लागेल. मुलाने अभ्यासक्रमाची प्रत दाखवावी आणि मग ठरवावे, हे उत्तम.

इंटेलचे आर्क बी५८० हे १२ जीबीचे कार्ड स्वस्त म्हणून सुचवले जाईल. कार्ड चांगले आहे, पण त्याचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) प्रोसेसरवर जास्त काम टाकतो आणि तुमच्याकडच्यासारख्या जुन्या प्रोसेसरवर ते मागे पडते, हे चाचण्यांत दिसून आलेले आहे. तुमच्यासाठी ते नको. तसेच, जाहिरातीतल्या दुप्पट-तिप्पट फ्रेमच्या आलेखांकडे दुर्लक्ष करावे. त्यातल्या पुष्कळ फ्रेम कार्डाने दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये अंदाजाने भरलेल्या असतात. त्यांनी हालचाल गुळगुळीत दिसते, मात्र माउस हलवल्यावर पडद्यावर फरक दिसायला लागणारा वेळ कमी होत नाही.

प्रोसेसर तूर्त राहू द्या. ६० हर्ट्‌झचा मॉनिटर सेकंदाला ६० फ्रेमच दाखवतो आणि तेवढ्या फ्रेम रायझन ५ ३६०० बहुतेक खेळांत पुरवतो. पुढे १४४ हर्ट्‌झचा मॉनिटर आला आणि प्रोसेसर तोकडा पडू लागला, तर बायोस (मदरबोर्डातले मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करून याच मदरबोर्डावर रायझन ५ ५६०० बसतो. बायोस बदलताना वीज गेली तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो. ते काम यूपीएसवरच करावे.

खरेदीला निघण्यापूर्वी मेजरटेप घेऊन कॅबिनेटमध्ये स्लॉटच्या मागच्या पट्टीपासून पुढच्या पंख्यापर्यंतचे अंतर मोजावे. तीन पंख्यांची काही कार्डे ३०० मिलिमीटरहून लांब असतात. तुमच्या वापराला दोन पंख्यांचे पुरे. आपल्या घरांत जागेअभावी कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात सरकवलेले असते. तुमचेही तसेच असेल तर ते बाहेर काढा. कप्प्यात कोंडलेली तीच ती गरम हवा कार्ड पुन्हा आत ओढत राहते. बिल पक्के, जीएसटीचे आणि कार्डाचा सिरियल क्रमांक लिहिलेले घ्यावे, आणि त्या कंपनीचे सेवा केंद्र मुंबईत कोठे आहे हे पैसे देण्यापूर्वी विचारावे.

प्रश्न : ओळखीच्या एकाकडे वापरलेले आरटीएक्स ३०६० आहे. बिल हरवले आहे, पण किंमत निम्मी सांगतो. घ्यावे का?
— एक विद्यार्थिनी, परळ

उत्तर : १२ जीबीचे असेल तर विचार करण्यासारखे आहे. याच नावाची ८ जीबीची, मेमरीची वाट १९२ऐवजी १२८ बिटांची असलेली आवृत्तीही आहे, आणि जुन्या बाजारात दोन्ही एकाच भावाने खपवली जातात. जीपीयू-झेड हे मोफत साधन चालवून दोन्ही आकडे स्वतः पाहावेत. बनावट कार्डही त्यात सहसा उघडे पडते.

हे कार्ड फेब्रुवारी २०२१मध्ये, क्रिप्टो चलनाच्या मायनिंगची (संगणकाला रात्रंदिवस गणिते करायला लावून चलन मिळवण्याची) धामधूम चालू असताना आले. सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियम या क्रिप्टो चलनाने मायनिंगची पद्धतच सोडली आणि त्या कामाला जुंपलेली असंख्य कार्डे जुन्या बाजारात आली. मायनिंगने चिप खराब होतेच असे नाही. झिजतात ते पंखे आणि मेमरीवरची उष्णता वाहून नेणारी मऊ पॅडे. कार्ड विकणाऱ्याच्याच संगणकावर, तुमच्यासमोर, अर्धा तास जड खेळ चालवायला सांगावा आणि पंख्याची घरघर ऐकावी. नंतर कार्ड काढून मागची धातूची पट्टी आणि स्क्रू पाहावेत. समुद्राजवळच्या घरात वर्षानुवर्षे राहिलेल्या कार्डावर तेथे पांढरट किंवा हिरवट थर दिसतो. तो दिसला तर भाव कितीही कमी असला तरी सोडून द्यावे. बिल नाही म्हणजे वॉरंटी नाही असेच धरून चालावे आणि किंमत त्या हिशेबाने पाडून मागावी.

प्रश्न : कार्यालयाने विकायला काढलेला अरुंद डेस्कटॉप घेतला आहे. त्यात गेमिंगसाठी कार्ड बसेल का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : बसेल, पण निवड फार थोडी आहे. अशा डेस्कटॉपमध्ये निम्म्या उंचीचेच कार्ड मावते आणि त्याच्या एसएमपीएसला कार्डासाठी वेगळी केबल नसते, म्हणून ७५ वॉटच्या आतले कार्ड लागते. आरटीएक्स ३०५०ची ६ जीबीची, ७० वॉटची आवृत्ती निम्म्या उंचीत मिळते. ते कार्ड दोन स्लॉटांची जागा घेते, तेव्हा शेजारचा स्लॉट मोकळा आहे का आणि कार्डाच्या खोक्यात निम्म्या उंचीची मागची पट्टी दिली आहे का, एवढे पाहून घ्यावे.