तुमचे प्रश्न : सीडी-आयचे गेम

प्रश्न : फिलिप्सच्या सीडी-आय या टीव्हीला जोडायच्या सीडी-प्लेअरवर आलेले, निन्टेंडोच्या झेल्डा मालिकेतले दोन गेम सगळे हसण्यावारी नेतात. त्याच काळात सुपर निन्टेंडो या गेमयंत्राच्या छोट्याशा कार्ट्रिजवर कितीतरी सफाईदार गेम होते. सीडीवर शेकडो मेगाबाइट जागा असताना हे गेम असे अडखळत का चालतात?

उत्तर : जागा होती, पण ती जागा यंत्रापर्यंत पोचायची वाट अरुंद होती. सगळा घोळ तिथे आहे. सीडी-आयची सीडी साध्या गाण्याच्या सीडीच्याच वेगानं फिरते आणि सेकंदाला 75 सेक्टर, म्हणजे माहितीचे ठरावीक तुकडे, वाचले जातात. चित्र-आवाजासाठी एका सेक्टरमध्ये 2324 बाइट मावतात, म्हणजे सेकंदाला 1,74,300 बाइट. आता युरोपातल्या टीव्हीसाठीचं पडदाभर चित्र घ्या : 384 गुणिले 280 ठिपके, ठिपक्याला एक बाइट, झाले 1,07,520. आवाज अजिबात नसला तरी सेकंदाला अशी दोन चित्रंसुद्धा पुरती येत नाहीत. आवाज घ्यायचा तर त्याच 75 सेक्टरांतून त्याचा वाटा काढायचा. उत्तम स्टिरिओ हवा असेल तर दर दुसरा सेक्टर आवाजाला जातो. साध्या एकेरी आवाजावर भागवलं तर सोळातला एक.

हे गणित समजलं की त्या गेममधली कार्टूनं तशी का दिसतात ते कळतं. सपाट रंगाचा मोठा पट्टा असला की ‘हा रंग इतके ठिपके’ एवढंच लिहून काम भागतं. चित्र आकसतं आणि हलवता येतं. त्यामुळे ठळक रेषा आणि सपाट रंगांचं हातानं काढलेलं कार्टून या यंत्राला मानवणारं होतं. अ‍ॅनिमेशन मॅजिक या अमेरिकन कंपनीनं त्यासाठी रशियातून चित्रकार आणले. त्यांच्या पात्रांचे वाकडेतिकडे चेहरे आज चेष्टेचा विषय झालेत. मला ती चेष्टा कधीच पटलेली नाही.

खेळताना जाणवणारा जडपणा मात्र खरा आहे आणि त्याचं कारण सीडी नाही. सुपर निन्टेंडोमध्ये स्प्राइटसाठी, म्हणजे पडद्यावर हलणाऱ्या छोट्या चित्रांसाठी, वेगळी यंत्रणा होती : पात्र कुठे ठेवायचं एवढं सांगितलं की चिप ते पार्श्वभूमीवर आपोआप बसवते. सीडी-आयमध्ये चित्राचे एकावर एक दोन थर आणि एक इवलासा कर्सर, बस्स. पात्र हललं की जुन्या जागेवरून पुसायचं, नव्या जागी काढायचं, आणि हे सगळं सुमारे 15 मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरनं करायचं. मेमरी 1 मेगाबाइट, तीही दोन थरांत अर्धी अर्धी. हे यंत्र मुळात विश्वकोश आणि कला-संग्रहालयं दाखवायला आखलेलं. ते धावाधावीच्या गेमला जुंपलं, म्हणून तो जडपणा.

निन्टेंडोची पात्रं तिथे आली कशी, हेही थोडक्यात. सुपर निन्टेंडोला सीडी जोडायचा बेत आधी सोनीबरोबर होता, मग 1991 मध्ये फिलिप्सबरोबर जाहीर झाला. ती जोडणी कधीच बाजारात आली नाही. फिलिप्सच्या हाती काही पात्रं वापरायचा हक्क तेवढा राहिला. त्यातून 1993 मध्ये ‘लिंक : द फेसेस ऑफ ईव्हिल’ आणि ‘झेल्डा : द वाँड ऑफ गॅमेलॉन’ आले. दुसऱ्यात खुद्द झेल्डा तलवार घेऊन निघते, मालिकेचा नेहमीचा नायक लिंक याला शोधायला. मालिकेचं नाव जिचं, तिला नायिका करायचं या लोकांना सुचलं, हे मी तरी विसरू शकत नाही. एकदा आवाज बंद करून नुसत्या पार्श्वभूमी पाहा. रंगवलेले डोंगर, गुहा, दलदल. मी कितीदा तरी शत्रू मारून झाल्यावर तिथेच रेंगाळलो आहे.

प्रश्न : सीडी-आयचे गेम पहिल्यांदाच खेळणार आहे. सुरुवात कुठून करू?

उत्तर : 1994 चा ‘द अप्रेंटिस’. व्हिजन फॅक्टरीनं केलेला, मनोरा चढत जायचा उड्यांचा गेम. वर म्हटलेल्या सगळ्या अडचणी असूनही तो चपळ चालतो. म्हणजे करणाऱ्यांना यंत्र कळलं होतं. अवघड आहे, पण चिडचिड होत नाही.

त्यानंतर ‘बर्न:सायकल’, तोही 1994 चा. नायकाच्या डोक्यात व्हायरस शिरलेला आणि हातात फक्त दोन तास. त्याला डिजिटल व्हिडिओ कार्ट्रिज लागते. म्हणजे एमपीईजी-1 पद्धतीनं आकसलेला व्हिडिओ उलगडणारी चिप असलेली जोडणी, जिच्यामुळे त्याच अरुंद वाटेतून पडदाभर चलत्‌चित्र येऊ लागलं. ‘ड्रॅगन्स लेअर’लाही ती हवीच. जुना प्लेअर घेताना मागे ती बसवलेली आहे का, हे आधी बघा. नसेल तर चांगले अर्धे गेम हातचे गेले समजा.

प्रश्न : माझ्या प्लेअरमध्ये गेम सेव्ह होत नाही. बंद करून पुन्हा लावला की सगळं कोरं. प्लेअर गेला का?

उत्तर : गेला नाही. सेव्ह केलेलं आणि आतलं घड्याळ, दोन्ही एकाच चिपमध्ये असतात. 8 किलोबाइट मेमरीची ती टाइमकीपर चिप. तिची बॅटरी वरच्या प्लास्टिकमध्येच बंद केलेली. वयानं ती संपते, मग काही टिकत नाही. काही प्लेअर तर मग सुरूच व्हायला नकार देतात.

दोन मार्ग आहेत. त्याच जातीची नवी चिप बसवायची. पण नवी म्हणून विकलेली जुनीच निघायची भीती असते, तेव्हा चिपवर छापलेला तारखेचा आकडा वाचून घ्या. किंवा जुन्या चिपचं डोकं हलक्या हातानं घासून बॅटरीचे जोड उघडे करायचे, आतल्या बॅटरीची वाट तोडायची आणि बाहेरून सीआर2032 नाणेबॅटरी जोडायची. मी नवीच चिप घेतली, पण थेट डाग न देता खाली सॉकेट बसवलं. पुढच्या वेळी बोर्डाला डागणी लागू नये म्हणून. जुनी चिप काढताना घाई करू नका, बोर्डावरच्या तांब्याच्या वाटा पटकन उखडतात. डागणीचा सराव नसेल तर हे काम जाणत्याकडे द्या. काम झाल्यावर आधी घड्याळ लावा, प्लेअर रात्रभर बंद ठेवा आणि सकाळी वेळ बरोबर दिसली तरच झाकणाचे स्क्रू आवळा.