कुलूपबंद घरांचा रकाना

सांगली

प्रिय मित्रास, अनेक आशीर्वाद.

जत तालुक्यातील ऊसतोड कुटुंबांच्या मुलांच्या शिक्षणाविषयीचा तुझा मसुदा वाचला. विद्यापीठाच्या खुल्या व्याख्यानात तू तो मांडणार आहेस आणि श्रोत्यांत जिल्हा परिषदेची मंडळीही असतील, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

शेवटचे ‘शासनाने याकडे गांभीर्याने लक्ष द्यावे’ हे वाक्य काढून टाक. शासन सभागृहात येत नाही. येतो तो एखादा अधिकारी, आणि आपल्या सहीने काय होते व काय होत नाही, हे त्याला पक्के ठाऊक असते. हंगामी वसतिगृह मागायचे असेल, तर आजी-आजोबांपाशी मागे राहू शकणाऱ्या मुलांची यादी ऊसतोडीच्या टोळ्या गाव सोडण्याआधी कोणी करायची, प्रस्ताव कोणाकडे जातो आणि खर्च कोणत्या तरतुदीतून निघतो, इथपर्यंत तुला सांगता आले पाहिजे.

रोजगार हमी योजनेचा उल्लेख तू एका ओळीत उरकला आहेस. तिथे थोडे थांब. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेचा पहिला प्रयोग १९६५ मध्ये आपल्याच तासगाव तालुक्यात झाला, १९७२ च्या दुष्काळाने तिची निकड राज्याला पटवली, १९७७ मध्ये राज्याचा कायदा झाला आणि केंद्राचा कायदा यायला २००५ साल उजाडले. ‘मागेल त्याला काम’ हे शब्द सर्वांना आठवतात; त्या कामाचा पैसा उभा करण्यासाठी व्यवसाय कर बसवला गेला, हे मात्र कोणी सांगत नाही. (पगारपत्रकातील ती कपात पाहून आम्ही प्राध्यापक कुरकुरतो, ते वेगळे.) धोरणाचा विद्यार्थी म्हणून तुझी नजर त्या कराकडे आधी जायला हवी.

आता माझीच एक चूक सांगतो. तरुणपणी अशाच एका व्याख्यानात मी दुष्काळी गावांतील स्थलांतर फारसे नसल्याचे आकडे मोठ्या आत्मविश्वासाने मांडले होते. मागच्या रांगेतील एक बाई उठून म्हणाल्या, “सर, तुम्ही मोजायला आलात तेव्हा आम्ही उसाच्या फडात होतो.” पाहणी डिसेंबरातली होती. बंद दारांवर आम्ही ‘घरी कोणी नाही’ अशी नोंद करून पुढे गेलो होतो आणि टक्केवारी काढताना ती घरे गाळली होती. जे मोजायचे होते, नेमके तेच वगळले गेले होते.

तुझ्या तिसऱ्या तक्त्याखाली पाहणीचा महिना दिलेला नाही. तो लिही, आणि कुलूपबंद घरांसाठी वेगळा रकाना कर. त्यामुळे तुझा निष्कर्ष सौम्य झाला तरी चालेल. मंगळवारी संध्याकाळी मूळ प्रश्नावल्या घेऊन घरी ये, आपण ती घरे पुन्हा मोजू.

तुझा,
सर