पंपाला हात लावला की झिणझिण्या

प्रश्न : वर्कशॉपमध्ये गाड्या धुण्याचा प्रेशर पंप आहे. ओल्या हाताने धरला की झिणझिण्या येतात. सुपरवायझर म्हणतात, "एमसीबी आहे, रबरी चपला घाला आणि काम करा." करावं का?

उत्तर : नाही. कोरड्या हाताने मेन बंद करा, मग प्लग काढा आणि पंप बाजूला ठेवा. झिणझिण्या म्हणजे करंट पंपाच्या बॉडीत उतरलाय.

एमसीबी, म्हणजे जादा करंट गेला की आपोआप पडणारा स्विच, वायरिंग जळू नये म्हणून असतो, माणसासाठी नव्हे. 16 अँपिअरचा एमसीबी तुमच्या अंगातून जाणाऱ्या करंटला दादच देत नाही. ओल्या अंगाचा रोध हजार ओहमच्या आसपास येतो; 230 व्होल्टला सुमारे 230 मिलिअँपिअर. हृदय बंद पाडायला याहून कमी पुरतात. चपलांचं म्हणाल, तर त्या आतून-बाहेरून भिजलेल्या असतात.

इलेक्ट्रिशियनला सांगून 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती पकडणारा स्विच, बसवून घ्या. फेजने गेलेला करंट न्यूट्रलने पूर्ण परतला नाही, की हा स्विच क्षणात ट्रिप होऊन वीज तोडतो. त्याचं टेस्ट बटण अधूनमधून दाबून बघा. फारसं कुणी दाबत नाही.

शिवाय केबल पंपात शिरते तिथलं रबर बघायला सांगा. तडा बहुधा तिथेच जातो आणि पाणी आत झिरपतं. अर्थिंगची पिन शाबूत आहे ना? टू-पिन सॉकेटात प्लग बसावा म्हणून ती कापणारे महाभाग मी पुष्कळ पाहिलेत. टेप गुंडाळलेला जोड ओल्या फरशीवर नकोच.

कुणी चिकटलाच तर त्याला हात लावू नका, आधी मेन पाडा.